शीव कुठनं जाते

आमच्या चिपळूणकडे रस्ता सरळ दिसला की माणूस बावरतो. वळण नाही, घाट नाही, म्हणजे नक्की काहीतरी चुकलंय, असं वाटायला लागतं. बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं असंच झालं. दोन्ही बाजूंना ऊस, वर फिकट आभाळ, आणि मधे हा रस्ता, कुणीतरी झोपेत आखून तसाच विसरून गेल्यासारखा. नव्वदचं दशक संपायला आलं होतं आणि त्या रस्त्यावर नुकता टोलनाका बसला होता. मी तिथे गेले होते ती उसाचे तुरे बघायला. बघून आले ते निराळंच, म्हणून हे लिहायला बसले आहे.

बारामती

विमल माझी शेजारीण. ती चिपळूणच्या दवाखान्यात नर्स, मी बँकेत. दर थंडीत ती माहेरी जायची आणि दर थंडीत मला म्हणायची, चल गं एकदा, किती दिवस त्या तुझ्या दमट गावात कुजत बसणार. शेवटी एका जानेवारीत मी हो म्हटलं. एसटीतल्या हालांबद्दल बोलत नाही. सकाळी बारामतीच्या स्टँडवर उतरले तेव्हा माझी मान वाकडी झाली होती, एवढं पुरे.

न्यायला विमलचा धाकटा भाऊ मिलिंद आला होता. त्याची स्वतःची जीप. माणसं भरली की सुटायची आणि रस्त्यात कुणी हात केला की थांबायची. याला तिकडे वडाप म्हणतात. भरली म्हणजे किती भरली, याला काही हिशेब नाही. मी पुढे बसले. गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला लागत होता आणि मांडीवर एका अनोळखी बाईची कोंबडी होती. बाईने ती विचारून ठेवली नव्हती. आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर तालुकाभर चर्चा झाली असती. इथे मीही दहा मिनिटांत कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवायला लागले.

कालव्यावरून धुकं उठत होतं. ऊन अजून नीट लागलं नव्हतं. उसावर पांढरे तुरे डुलत होते, इतके की जमीन वर आणि ढग खाली असल्यासारखं वाटावं. जीप पेंगुळल्यासारखी चालली होती, मागची माणसंही पेंगत होती, आणि मला वाटत होतं की हा रस्ता असाच चालू राहावा, गाव येऊच नये.

मिलिंद मात्र बोलत होता. तो सांगत होता की हा आधी नुसता गाडीवाटेचा रस्ता. पावसाळ्यात चाकं आसापर्यंत रुतायची. मग मुरूम पडला, मग दुष्काळात खडी पडली, मग डांबर, आणि आता रुंदीकरण होऊन नाका. खडीचं नाव निघालं तशी विमल मागून म्हणाली की ती खडी आईने फोडली आहे. बहात्तरच्या दुष्काळात याच रस्त्याच्या कडेला बसून त्यांच्या आईने हातोड्याने दगड फोडले होते, आणि लहानगी विमल शेजारी बसून कामावर वाटलेली सुकडी खात होती. मी खाली वाकून रस्त्याकडे पाहिलं. गुळगुळीत काळं डांबर. आई आता नव्हती, आणि खडी त्या डांबराखाली कुठेतरी असणार.

भवानीनगर

कारखाना दिसायच्या आधी वास येतो. गोड, जड, किंचित आंबलेला. पहिली पाच मिनिटं मळमळतं, नंतर भूक लागते. रस्त्याच्या कडेला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या होत्या, पाचटाच्या, माणूस वाकूनच आत जाईल इतक्या बुटक्या. बाहेर चुली पेटलेल्या. बैलगाड्यांची रांग कारखान्याच्या फाटकापासून सुरू व्हायची ती कुठे संपायची, मला काही कळलं नाही. बैल उभ्याउभ्या रवंथ करत होते आणि गाडीवान उसाच्या मोळ्यांवर पालथे झोपले होते.

आमच्या पुढच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं चाक फुटलं आणि अर्धा ऊस रस्त्यावर आडवा झाला. झालं, रस्ता बंद. आमच्याकडे अशा वेळी लोक हॉर्न वाजवून कान किटवतात. इथे सगळी जीप खाली उतरली आणि ऊस खायला लागली. ट्रॅक्टरवाल्याचंही काही म्हणणं नव्हतं. कोपीतल्या एका बाईने मला कोयत्याने चांगलं पेरं तोडून दिलं. मी कोकणातली, ऊस खायचा तो रसाच्या गाड्यावर, पेल्यातून! ऐटीत दात लावला आणि दाढेत भरलेलं सिमेंट उसासकट बाहेर आलं. विमल हसून हसून रस्त्यावरच बसली. मी तिला म्हटलं, तू कसली नर्स, मेले. पुढचे चार दिवस मी सगळं डाव्या बाजूने खाल्लं.

नाका

अंथुर्ण्याच्या पुढे, शेळगावच्या अलीकडे त्यांचं गाव. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, शेजारच्या गावाचंही नाही. भांडण अजून धुमसत असलं तर माझ्या लिहिण्याने त्यात आणखी काडी नको.

गाव यायच्या जरा आधी नाका लागला. पत्र्याची टपरी, रस्त्यावर आडवा लोखंडी दांडा आणि खुर्चीवर मफलर गुंडाळून बसलेला एक माणूस. मिलिंदने खिडकीतून पैसे दिले, पावती घेतली, ती चुरगळून पायाशी टाकली. तिथे आधीच पावत्यांचा पाचोळा होता. दांडा वर गेला. नाक्यापुढे लगेच एक लहानसा ओढा लागला, त्यावर पूल, आणि पुलापलीकडे गाव.

मग मिलिंदने मला सगळं प्रकरण सांगितलं. नाका ज्या गावाच्या हद्दीत येईल त्या गावच्या गाड्यांना टोल माफ, असं ठेकेदाराने कबूल केलं होतं. पण माफी एकाच गावाला. आणि नाका बसला होता नेमका दोन गावांच्या शिवेवर. यांचं म्हणणं, आपली शीव ओढा ओलांडून पलीकडच्या बांधापर्यंत जाते, तेव्हा नाका आपला. शेजारच्या गावाचं म्हणणं, शीव ओढ्यानेच जाते, तेव्हा नाका त्यांचा. ठेकेदाराचा माणूस म्हणाला होता, तुमचं तुम्ही ठरवा आणि मला सांगा. मिलिंदच्या दिवसाला कितीतरी खेपा व्हायच्या. नाका आपला झाला तर जीप परवडणार, नाहीतर विकावी लागणार, इतकं ते सरळ होतं.

मी विचारलं, सरकारी नकाशा असेल की.

"मोजणीवाला यील तवा यील," मिलिंद म्हणाला. "तवर दोनी गावांनी आबाचं नाव घेतलंय. आबा चालंल ती शीव. आन आबा न्हाय म्हणतोय."

घर

आबा म्हणजे विमलचे वडील. उंच, काटक, पांढरा सदरा, आणि पायात घरच्या अंगणातसुद्धा पॉलिश केलेले बूट. मला वाटलं कुठे निघालेत. विमल म्हणाली, नाही, ते असेच असतात.

त्यांच्या घराण्याकडे पूर्वी गावकीची कामं होती. गावाची शीव राखायची, शिवेचं भांडण झालं तर डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन शीव चालून दाखवायची. त्या घरचा माणूस चालेल ती शीव, दोन्ही गावांनी मान्य करायची. खोटं चालला तर वर्ष निघायच्या आत मरेल, असा समज. शिवाय कुणी साहेब घोड्यावरून आला की त्याच्या पुढे पळत वाट दाखवायची, आपल्या शिवेपर्यंत. तिथे पुढच्या गावचा माणूस उभा असायचा, तो पुढे पळायचा. आजचा हा सरळ रस्ता म्हणजे तीच वाट. आबांनी हे मला काही विशेष नसल्यासारखं सांगितलं, भाकरी मोडता मोडता. "माजा बा ह्या रस्त्यानं निस्ता पळालाय," एवढंच म्हणाले. छप्पन साली त्यांनी धम्म घेतला आणि त्या दिवसापासून गावकीचं एकही काम करणार नाही असं ठरवलं. ते त्यांनी आजवर पाळलं होतं. आता गाव पुन्हा तेच काम करायला सांगत होतं, आणि गरज त्यांच्या पोटच्या पोराचीच होती.

जेवताना बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. पावट्याची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. चटणीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, आणि खरं सांगायचं तर सगळंच काही चटणीमुळे नव्हतं. आमच्याकडे दोन वाड्यांमधे दगडांचा गडगा असतो आणि शिवेला न दिसणारा राखणदार. त्याला वर्षाला नारळ दिला की माणसं सुटली. इथे राखणदार जिवंत माणूस होता आणि त्याला नारळ कुणी दिलेला नव्हता.

निमगाव केतकी, इंदापूर

दुसऱ्या दिवशी मिलिंदने आम्हा दोघींना खेपेबरोबर पुढे नेलं. निमगाव केतकीला पानमळे आहेत. मळ्यात शिरताना चप्पल बाहेर काढायची, देवळात काढतात तशी. आत हिरवा अंधार. वेल वर चढलेले, पायाखाली ओली गार माती, आणि इतकी शांतता की आम्ही दोघी कुजबुजायला लागलो. मळ्याच्या मालकिणीने एक कोवळं पान तोडून दिलं आणि म्हणाली, पानाला मोठा आवाज सोसत नाही. मला ते लगेच पटलं. माझ्याकडे बघून बोलली की काय, अशी शंका मात्र आली.

इंदापूरच्या पुढे उजनी धरणाचं पाणी. ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. समुद्र म्हणावा तर लाट नाही, तळं म्हणावं तर काठ दिसत नाही. पाण्यात दूरवर गुलाबी पक्षी उभे होते, एका पायावर, हलत नव्हते. विमल म्हणाली, या पाण्याखाली गावं आहेत. म्हणजे पाण्याखाली त्यांच्या शिवाही असणार, कुणीतरी डोक्यावर माती घेऊन चाललेल्या. आता तिथे मासे फिरतात आणि त्यांना कुणी विचारत नाही, तू कुठल्या गावचा. तो मासा दुपारी ताटात आला, चिलापी. आमच्या सुरमईची सर नाही, हे मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. दोनदा वाढून मात्र घेतला.

येताना जीपमधे मला डोळा लागला. जागी झाले तेव्हा ऊन उतरलं होतं, तुरे तांबूस झाले होते, आणि मिलिंद विमलला हळू आवाजात सांगत होता की आबाने एक फेरी मारली असती तर काय बिघडलं असतं. आपल्यासाठी तरी.  विमल बाहेर बघत होती.

तात्या

त्या संध्याकाळी तात्या आले. गावचे जुने वजनदार शेतकरी, सोसायटीत, कारखान्यात सगळीकडे शब्द चालणारे. आबांच्याच वयाचे. त्यांचे वडील त्या काळी गावचे पाटील. मिलिंदच्या बायकोने चहा दिला आणि तात्यांनी तो घेतला. विमल आत येऊन माझ्या कानात म्हणाली, या घरात पहिल्यांदा.

तात्या आढेवेढे न घेता बोलले. गावाचं काम आहे, तुमच्या पोराचंही आहे, तुमच्या वडिलांनी शीव एकदा चालून दाखवलीच आहे, तीच तुम्ही पुन्हा चाला. आबांनी कपातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, चालतो. पण डोक्यावर माती घेणार नाही. पायातले बूट काढणार नाही. आणि दोन्ही गावची माणसं मागून पायी आली पाहिजेत, तात्यांसकट. तात्यांनी सगळं कबूल केलं. मिलिंद दारात उभा होता. त्याने तिथल्या तिथे बापाच्या पायाला हात लावला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, मी उठून मिलिंदच्या बायकोला भाकऱ्या थापायला मदत करायला गेले आणि तिने मला दुसऱ्या भाकरीला हाकलून दिलं.

शीव

सकाळी धुकं होतं. माणसं एकेक करून धुक्यातून निघून येत होती, इकडून आणि तिकडून, मफलर, कांबळी, टोप्या.  बायकाही आल्या होत्या. नाक्यावरचा माणूस दांडा वर करून ठेवून बघायला आला.

आबा वरच्या माळावरून निघाले, जिथल्या खुणेबद्दल दोन्ही गावांचं भांडण नव्हतं. हातात काठी, मान ताठ, बूट दवाने भिजलेले. मागे तात्या, त्यांच्या मागे दोन्ही गावं. आम्ही बाया जरा बाजूने. हरभऱ्यातून, मग एका पडीक रानातून, मग उतार. ते चालत होते तसं मला वाटत होतं की रस्ता, नाका, कारखाना सगळं विरघळून गेलंय आणि नुसतं चालणं उरलंय. किती वेळ गेला कोण जाणे.

ओढा आला. इथून पलीकडे जायचं, चढण चढून बांध गाठायचा, बांधाने नाक्याच्या मागे निघायचं. मिलिंद पुढे जाऊन ओढ्यातल्या दगडांवर उभा राहिला, बापाला हात द्यायला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि ते वळले. ओढा न ओलांडता, अलीकडच्या काठाकाठाने, खाली पुलाच्या दिशेने चालायला लागले.

मागची माणसं थबकली.

"आबा," मिलिंद म्हणाला, "बांध तिकडं हाय."

"ठावं हाय."

ते चालतच राहिले, थेट पुलाखाली जाईपर्यंत. तिथे थांबले. वर रस्ता, आणि नाका ओढ्यापलीकडे, शेजारच्या गावात. आबांनी काठी जमिनीत रोवली आणि सांगितलं की शीव ही, ओढ्याची. त्यांच्या लहानपणी असंच भांडण झालं होतं. पाटलांना ओढ्यापलीकडचं गवताचं रान हवं होतं. त्यांनी आबांच्या वडिलांना बोलावून घेतलं आणि बांधाने चालायला लावलं. लहान आबा बापामागून चालले होते. बापाच्या डोक्यावरची माती घामाने भिजून गालावर उतरत होती, ते त्यांनी पाहिलं होतं.

तात्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. पाटील म्हणजे त्यांचेच वडील. तात्या म्हणाले, "मंग तुमचा बा खोटं चालला म्हणायचं?"

"चालला," आबा म्हणाले. "तवा बा गावचा व्हता, तात्या. मी माजा हाय."

 पलीकडच्या गावातला एक म्हातारा खाली बसला आणि त्याने उपरण्याने तोंड पुसलं. मग आबांनी आणखी एक सांगितलं, ते तात्यांना नव्हे, मिलिंदला. लोक म्हणत होते खोटं चालणारा वर्षात मरतो. त्यांचा बाप मेला नाही, चांगला म्हातारा होऊन गेला. पण त्या दिवसापासून तो ओढ्याचं पाणी प्यायला नाही.

माणसं पांगली. तात्या सगळ्यांत शेवटी गेले. मिलिंद तर आधीच निघून गेला होता.

परत

त्याच दुपारी आम्हाला बारामतीहून एसटी धरायची होती. मिलिंदने जीप काढली. आबा आम्हाला पोचवायला म्हणून पुढे बसले, मी आणि विमल मागे. वाटेत हात करणाऱ्या माणसांसाठीही तो थांबला नाही. मला जीव नकोसा झाला होता. पाहुणी म्हणून आले आणि घर मोडायच्या वेळेला आले, असंच वाटत होतं. विमलने माझा हात घट्ट धरला होता.

पूल गेला. नाका आला. खुर्चीवर सकाळचा माणूस नव्हता, दुसराच एक तरणा पोरगा होता, नवा लागलेला. दोन्ही गावांतलं काही त्याच्या कानावर आलेलं दिसलं नाही. त्याने जीपकडे बघितलं, मग पुढे बसलेल्या म्हाताऱ्याकडे, आणि दांड्याला हात घालत सहज म्हणाला, हितलंच दिसताय, लोकल असला तर जावा.

दांडा वर जायला लागला. मिलिंदने गिअर टाकला. आबा समोर बघत होते, त्यांनी मान वळवली नाही. त्यांचे मांडीवर ठेवलेले हात मला मागून दिसत होते.

मिलिंदने गाडी बंद केली.

"न्हाय," तो त्या पोराला म्हणाला. "आमची शीव ओढ्यापातुर. पावती फाड."

पोराने पावती फाडली. मिलिंदने ती घेतली आणि आबांच्या हातात दिली.